दहा बावीसचा फोन

मंगळवार, ११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी पोचलं. आम्ही तिघी खुशाल. आईचा खोकला उतरलाय, वहिनी रोज मासेमारीच्या जाळ्यांच्या शेडवर कामाला जाते, आणि तुझी भिंगरी अजून एका जागी बसायला शिकलेली नाही. बसायचीच नोकरी मिळाली असली तरी.

तू लिहिलंस की तिकडे वर्कशॉपमध्ये कुणाला खरंच वाटत नाही, एवढ्याशा गावावर विमानं कशाला येतील. आम्हालाही वाटत नव्हतं. एक बोटींचा धक्का, एक तेलाची टाकी, एक बर्फाचा कारखाना, यापलीकडे इथे आहे काय? न्हावी परवा म्हणाला, "आपलं गाव नकाशावर आहे हे मला शत्रूकडून कळलं." पण येतात रे. महिन्याभरात पाचदा आली. सकाळी धुकं वर गेलं की पाण्याच्या बाजूने येतात. इतकी खाली, की आत बसलेल्याची मान दिसते म्हणतात. पहिल्या वेळी बॉम्ब चिखलात पडले आणि अख्ख्या गल्लीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर चिखल उडाला. आम्ही हसलो. दुसऱ्या वेळी फेरीबोट बुडाली, रिकामी होती म्हणून बरं. तिसऱ्या वेळी शाळेची भिंत गेली. तेव्हापासून कुणी हसत नाही.

आता माझ्या नोकरीचं. कारखान्याच्या भोंग्याइतका मोठा आवाज गावात दुसऱ्या कशाचा नाही, म्हणून पाळीसाठी तो वाजवणं बंद केलंय. आता तो फक्त विमानांसाठी. टेकडीवरच्या चौकीत दुर्बीणकाका बसतात. तेच, फेरीबोटीचे जुने कप्तान, ज्यांच्या गळ्यातली दुर्बीण तू लहानपणी ओढायचास. त्यांना विमान दिसलं की ते आमच्या ऑफिसात फोन करतात. तो फोन मी घ्यायचा, वेळ नोंदवहीत लिहायची आणि खिडकीशेजारची साखळी ओढायची. एवढंच काम. पण साखळी ओढली की अख्खा गाव पोस्टाखालच्या तळघराकडे धावताना त्या खिडकीतून दिसतो. कधीकधी वाटतं, आपण कोण लागून गेलो एवढ्या लोकांना पळवणारे.

आईला भोंगा ऐकूच येत नाही, हे तुला माहीत आहेच. परवा वहिनीने तिला दंडाला धरून ओढलं तर म्हणते कशी, "आधी दूध तर उतरवू दे." तळघरात पोचल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वहिनीला विचारलं, "आपण कुणाकडे आलोय?"

गेल्या आठवड्यात मात्र घोटाळा झाला. सोमवारी काकांनी फोन केला, मी भोंगा दिला, आणि आली ती आपलीच मालवाहू विमानं. गुरुवारी पुन्हा फोन, पुन्हा भोंगा. त्या वेळी बगळ्यांचा थवा होता. काका मला म्हणाले, "पोरी, उन्हाकडे बघून बघून डोळ्यांत पाणी येतं." त्या धावपळीत चांभाराचा म्हातारा बाप तळघराच्या पायऱ्यांवरून पडला, त्याचं खुब्याचं हाड मोडलं. कारखान्यातली माणसं यंत्र सोडून पळाली आणि टाकीभर बर्फ वाया गेला. कारखान्याचे साहेब संतापले. फोनच्या वर त्यांनी स्वतःच्या हाताने कागद चिकटवलाय. चौकीचा फोन आला की आधी उलट फोन लावून खात्री करायची, मगच भोंगा द्यायचा. बरं वाटलं बघ. निदान चुकीचं खापर माझ्या एकटीच्या माथी फुटणार नाही.

वहिनी वेगळं पत्र टाकणार आहे, म्हणून तिचा निरोप लिहीत नाही. रजेचं बघ.

तुझी,
भिंगरी


शुक्रवार, ४ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी तार आणि त्यामागून पत्र, दोन्ही मिळाली. आम्ही तिघी आहोत. आधी तेवढं वाचून घे आणि मग पुढचं वाच.

सत्तावीस तारखेला, गुरुवारी, तीन विमानं आली. धक्का गेला आणि जाळ्यांच्या शेडचं अर्धं छप्पर आत कोसळलं. अकरा माणसं गेली. त्यातल्या पाच शेडमधल्या. तुझ्या ओळखीची गंगावनवाली गेली, खोटी वेणी मिरवत तुला चिडवायची ती. तिची धाकटी जाऊ पण.

वहिनीच्या हाताला छपराच्या काचा लागल्यात, पट्ट्या बांधल्यात. म्हणून ती लिहू शकत नाही, मी लिहिते. ती सांगते आहे, "लिही, जेवण वेळेवर घे म्हणावं. काळजी करू नको. यंत्रापाशी असताना तर अजिबात करू नको." मी जसंच्या तसं लिहिलंय.

तू विचारलंस भोंगा वाजला नाही का. वाजला. पण उशिरा वाजला. चौकीचा फोनच उशिरा आला असं सगळे म्हणतात.

आपल्या पुढच्या खिडकीला सुताराने फळ्या ठोकून दिल्या. आत अंधार होतो, पण वारा येत नाही. दुधवाली आता एक दिवसाआड येते. आणखी काय लिहू? मी रोज कामावर जाते. मला काही लागलेलं नाही. मी तेव्हा ऑफिसात होते.

तुझी,
भिंगरी


रविवार, ४ मे

दादा,

नमस्कार. तुझं पत्र बुधवारी आलं. वहिनीच्या नावाचं होतं म्हणून तिच्यापाशी बसून मोठ्याने वाचलं. तू लिहिलंयस, "त्या म्हाताऱ्याला सांगा, मी आलो की टेकडीवरून खाली फेकीन. फोनजवळ झोपा काढायला बसवला होता का त्याला?" तेही वाचलं. वहिनी म्हणाली, "तेवढं परत वाच." मी परत वाचलं.

आता खरं लिहिते. मागच्या पत्रात दोन गोष्टी खोट्या होत्या.

पहिली वहिनीची. काचा हाताला लागल्या हे खरं, पण डोळ्यांतही गेल्या. डावा डोळा डॉक्टरांनी त्याच दिवशी काढला. उजव्याला उजेड तेवढा कळतो, माणूस कळत नाही. पुढे काही होईल का विचारलं तर डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. हे तुला कळवू नको असं तिनेच मला बजावलं होतं. "त्याचा हात यंत्रात असतो," म्हणाली. आता कळवते आहे ते तिला सांगून.

दुसरी माझी.

त्या गुरुवारी चौकीचा फोन उशिरा आला नव्हता. दहा बावीसला आला. काकांचा आवाज स्वच्छ होता. "तीन आहेत, पाण्याच्या बाजूने, खालून येतायत. आपली नाहीत." मी नोंदवहीत लिहिलं, दहा बावीस. हात साखळीकडे गेला होता, दादा. मग तो कागद दिसला. मी हँडल फिरवून उलट फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. काका बाहेर गच्चीवर उभे होते, विमानांवर दुर्बीण लावून. त्यांना काय ठाऊक की खाली एक बाई खात्री करत बसली आहे. मी धावत आवारात गेले. साहेब गाडीत बर्फाच्या लाद्या चढवून घेत होते.

"साहेब, चौकीचा फोन आलाय."

"खात्री केलीस?"

"ते उचलत नाहीत."

"मग पुन्हा लाव. आज बर्फ वाया गेला तर वरून मला काढतील."

मी परत धावले. तिसऱ्यांदा लावला तेव्हा काकांनी उचलला आणि ओरडले, "अगं, भोंगा कुठाय? भोंगा का देत नाहीस?" मी साखळी ओढली. दहा अठ्ठावीस. भोंग्याचा आवाज अजून वर चढत होता, तेवढ्यात धक्क्यावर पहिला बॉम्ब पडला.

साहेब वाईट माणूस आहे असं मला लिहिता येत नाही. धूर बसायच्या आत ते ऑफिसात आले. गाडीवरचा हमाल त्यांच्या समोर मेला होता आणि शर्टावर त्याचं रक्त होतं. नोंदवही त्यांनी उघडली आणि दहा बावीसच्या नोंदीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे पान राहिलं तर लोक तुला आणि मला, दोघांनाही फाडून खातील. घरी वहिनीला काय सांगशील?" त्यांनी पान काढलं आणि बॉयलरच्या भट्टीत टाकलं. नवीन पानावर मी सकाळपासूनच्या नोंदी परत उतरवल्या. त्यात लिहिलं, चौकीचा फोन, दहा अठ्ठावीस. अक्षर माझं. कुणी माझा हात धरला नव्हता. तोवर वहिनी कुठे आहे हेही मला कळलेलं नव्हतं.

त्यानंतर काकांना चौकीवरून काढलं. गावात कुणी म्हणे ते पितात, कुणी म्हणे झोपले होते. त्यांच्या घराच्या काचा फोडल्या. किराणावाला त्यांना सामान देईना. मी रोज त्याच रस्त्याने कामावर जात होते. मान खाली घालून चालायची सवय लवकर लागते.

एकदा पाळी सुटायच्या वेळी काका कारखान्याच्या फाटकाशी उभे होते. पाच-पंचवीस माणसं बाहेर पडत होती. त्या सगळ्यांदेखत त्यांनी मला विचारलं, "पोरी, मी तुला वेळेवर फोन केला होता ना? तू परत लावलास तो नंतरचा. त्याच्या आधी मी केला होता ना?"

सगळे थांबले. मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही, काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही रे. शाळेतलं मूल फळ्याकडे बघतं तसे, की आता उत्तर लिहिलं जाईल. मग म्हणाले, "असं होय," आणि गेले.

हे तुला लिहायला मला महिना लागला. एका माणसाला मी त्याच्याच डोक्यातून हाकलून दिलं. कारण पुढे ते खरंच तसं समजू लागले. गेल्या बुधवारी दुपारी, तुझं पत्र वाचून झाल्यावर तासाभरात, ते आपल्या घरी आले. हातात टोपी. आईने ओळखलं, आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली. ते बसले नाहीत. वहिनीच्या पलंगासमोर उभे राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी माफी मागायला आलोय. मी पुष्कळ आठवून बघतो. मला वाटतं मी फोन केला. पण ही पोर खोटं कशाला बोलेल? तिच्याच घरातल्या माणसाचे डोळे गेलेत. म्हणजे मलाच डुलकी लागली असणार. वय झालं माझं."

वहिनीने भिंतीकडे तोंड केलं. "काका, तुम्ही जा," ती म्हणाली. "मला तुम्हाला काही बोलायचं नाही. बोलले तर फार वाईट बोलेन."

आई विचारत होती, "काय म्हणतायत? काय म्हणतायत ते?" तिला कुणी सांगत नव्हतं. काका दाराकडे वळले आणि त्यांना उंबरा दिसला नाही, ते अडखळले. मी चहाचा कप धरून उभी होते. कप खाली ठेवला आणि बोलले. कसं बोलले ते आठवत नाही. बहुतेक एवढंच, "त्यांनी फोन केला होता. दहा बावीसला केला होता. मीच थांबले."

काका तिथेच दारात खाली बसले. त्यांनी दोनदा विचारलं, "दहा बावीस? नक्की?" मी दोनदा नक्की म्हणाले. मग ते स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे मी जागा होतो." आणि रडायला लागले. मला त्यांनी एक अपशब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

वहिनीने भिंतीकडून तोंड वळवलं.

"भोंगा कधी वाजला?"

"दहा अठ्ठावीसला."

"म्हणजे सहा मिनिटं."

"हो."

"शेडपासून तळघरापर्यंत चालत चार लागतात," ती म्हणाली. "धावत तीन." तिचा आवाज साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "आम्ही चौदा जणी होतो. चौदाही पोचलो असतो."

मी खाली ठेवलेला कप उचलला.

"पोचलो असतो की नाही?"

"पोचला असतात, वहिनी."



दुसऱ्या दिवशी मी हल्ल्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेले. सगळं सांगितलं, साहेबांचा कागद, जळालेलं पान, सगळं. त्यांनी नोंदवही मागवली. "दहा अठ्ठावीस लिहिलंय. अक्षर कुणाचं?"

"माझंच. खोटं लिहिलं मी."

"तेव्हा खोटं लिहिलंत, मग आता खरं बोलताय हे मी कशावरून धरायचं?"

ते तसे मऊ होते. म्हणाले, घरात दुःख झालं की माणूस सगळा दोष स्वतःवर ओढून घेतो, थोडे दिवस विश्रांती घ्या. चौकीवर नवीन माणूस नेमलाय, कागद वर गेलेत, ते आता परत येत नाहीत. फोनवरचा नियम कोणी लावला, हे त्यांनी लिहूनही घेतलं नाही.

मग मी नळावर, बायकांच्या रांगेत सांगितलं. गंगावनवालीची सासू तिथेच होती. तिने माझं बोलणं पूर्ण ऐकलं, तिची भरलेली बादली उचलली आणि गेली. बाकीच्याही गेल्या. दोघींच्या बादल्या तर अर्ध्याच भरल्या होत्या. काकांना किराणावाला आता सामान देतो, एवढं एक झालं. काका दार उघडत नाहीत, दुकानाचा पोऱ्या सामान बाहेरच ठेवून येतो.

तुला वाटेल मला कामावरून काढलं असेल. नाही. साहेब माझ्याशी बोलत नाहीत, पण फोनपाशी बसायला गावात दुसरं कुणी तयार नाही. मी सोडते म्हटलं, तर म्हणाले, "मग कोण बसणार ते तूच सांग." म्हणून मीच बसते. तो कागद मी फाडला. आता घंटा वाजली की कानाला फोन लावायच्या आधी साखळी ओढते. या आठवड्यात चारदा ओढली. एकदा खरी आली, तेलाची टाकी गेली, माणूस कुणी गेलं नाही. तीनदा काहीच आलं नाही. कालपासून लोक कुरकुर करायला लागलेत, उगीच पळवते म्हणतात. काही जण उठतही नाहीत. दोन्हीकडून मरण माझ्याच हातून आहे असं वाटतं, ओढली तरी आणि नाही ओढली तरी.

वहिनीचं ऐक. ती माझ्याशी बोलत नाही. पण तिला सकाळी न्हाणीघरात मीच नेते, केस मीच विंचरते, घास मीच हातात देते. तिला नको असतं, ते तिच्या खांद्यावरून मला कळतं. पण दुसरं आहे कोण? भोंगा होतो तेव्हा मी घरी नसते. आईला ऐकू येत नाही, वहिनीला दिसत नाही. मग वहिनी आईचा हात जोरात दाबते, आणि आई तिला पायऱ्या उतरवते. दोघी मिळून तळघरात पोचतात. त्यांना किती वेळ लागतो ते मी विचारलेलं नाही.

रजा मिळत असेल तर ये. मिळत नसेल तर भांडून काही होत नाही, तेही आता मला कळतं. आलास की काकांकडे आधी जा. तुझा निरोप मी त्यांना दिलेला नाही.

मला काय लिहायचं ते तू ठरव. काहीच लिहू नकोस वाटलं तर नको लिहू. पण वहिनीला लिहिशील, ते तिला वाचून दाखवायला घरात माझ्याशिवाय कुणी नाही. आईला वाचता येत नाही. माझ्याविषयी जे तुझ्या मनात असेल, ते तिच्या पलंगाशी बसून मलाच मोठ्याने वाचावं लागेल. म्हणून तू हात आखडू नकोस, दादा. जे असेल ते तिला लिही. मी एकही शब्द न गाळता वाचेन.

तुझी धाकटी बहीण